ब्राऊन केसांतला लाल रंग आणि पार्लर जे सांगत नाही ते



लग्नसराई उतरली की मला येणाऱ्या निरोपांत एक ठरलेला फोटो असतो. खिडकीकडे पाठ करून काढलेलं डोकं, उन्हात चमकणारे केस आणि खाली प्रश्न: "ताई, ब्राऊन केला होता, लाल कसा झाला?" कुणी पार्लरला दोष देते, कुणी कंपनीला, कुणी आपल्या नशिबाला. आणि बहुतेक जणींनी त्याच पार्लरमध्ये पुन्हा वेळ घेऊन ठेवलेली असते.

माझं मत आधीच सांगून टाकते. तो लाल रंग डब्यातून आलेला नाही, तो आपल्याच केसांतला आहे. आणि तो घालवायला केस पुन्हा एकदा उजळवणं हा उपाय नाही. काळ्या केसांवर ब्राऊन करताना लाल निघणार, हे रंगाचं काम शिकलेल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. ते गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी सांगायला हवं, तीन आठवड्यांनी ती रडवेली होऊन परत आल्यावर नव्हे. सांगत नाहीत, कारण सांगितलं तर अर्ध्या जणी फिकट शेडचा नाद सोडतील आणि उरलेल्या अर्ध्या जणींचं "करेक्शन"चं वेगळं बिल बुडेल.

आता हे लाल येतं कुठून ते पाहू. आपल्या घरात तांब्याचं पातेलं असायचं, आतून कल्हई केलेलं. कल्हई नवी असताना आत चंदेरी झगझगीत. घासून घासून ती उडाली की आतून तांबं डोकावतं. ते तांबं बाहेरून आलेलं नसतं, पातेलंच तांब्याचं. काळ्या केसांचं तसंच आहे. केसांत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याचे दोन प्रकार आहेत: एक काळा-तपकिरी, दुसरा लाल-पिवळा. काळं भरपूर असतं तोवर लाल दिसत नाही. पर्मनंट कलरच्या डब्यात दोन गोष्टी असतात. एका नळीत रंग आणि अमोनिया (किंवा त्याचा भाऊ), दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड, ज्याला पार्लरमध्ये डेव्हलपर म्हणतात. अमोनियानं केसाचं वरचं आवरण फुगतं, पेरॉक्साइड आत जाऊन आपलं मूळचं काळं द्रव्य थोडं मोडतं, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागी नवा रंग आतल्या आत तयार होऊन बसतो. म्हणजे एकाच वेळी कल्हई खरवडायची आणि नवी कल्हई करायची, असं ते काम आहे. पहिल्या दिवशी नवी कल्हई असते, म्हणून आरशात हवी तशीच शेड दिसते. मग प्रत्येक धुण्याला लावलेला रंग थोडा थोडा उतरतो. मोडलेलं काळं मात्र परत येत नाही. पंधरा-वीस दिवसांत तांबं दिसायला लागतं.

डब्यावर "अमोनिया नाही" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यात बहुधा दुसरं एखादं अल्कली असतं, वास कमी येतो इतकंच. पेरॉक्साइड आहे तिथं काळं मोडणार आणि लाल उघडं पडणार.

या धंद्यात केसांचा गडदपणा १ ते १० अशा आकड्यांत मोजतात. १ म्हणजे काळाभोर, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्यातल्या बहुतेक जणींचे केस १ ते ३ मध्ये येतात. तिथून वर चढताना आतले रंग ठरलेल्या क्रमानं उघडे पडतात: आधी गडद लाल, मग लाल, मग लाल-नारिंगी, नारिंगी, आणि फार पुढे गेल्यावर पिवळा. यातली एकही पायरी चुकत नाही. कितीही महागडा डबा आणला तरी चुकत नाही. त्यामुळे २ नंबरच्या केसांवर "लाइट ब्राऊन" मागणारीला मधला लाल टप्पा झाकून हवा असतो, आणि झाकलेलं केव्हातरी उघडं पडतं.

पांढऱ्या केसांचा प्रकार वेगळा. त्यांत मोडायला काही नसतंच, त्यामुळे उजळवून लाल निघण्याचा प्रश्न नाही. पांढऱ्यांवर लाल-केशरी दिसत असेल तर ते मेंदीचं किंवा शेडच तांबूस निवडल्याचं. त्याच्याकडे मी नंतर येते.

तर मग लाल घालवायचं कसं? त्यासाठी पार्लरच्या आधी कपड्यांच्या बादलीपाशी जाऊ. पूजेचे पांढरे कपडे पिवळट पडले की आपण काय करतो? नीळ देतो. निळीनं पिवळेपणा धुतला जात नाही, तो डोळ्यांना दिसेनासा होतो, कारण निळसर छटा पिवळ्याला मारते. नीळ जास्त झाली तर सोवळ्यावर निळे डाग पडतात हेही आपल्याला माहीत आहे. केसांतला लाल मारायचं तत्त्व अगदी हेच, फक्त रंगांची जोडी वेगळी. लालाला मारतो हिरवा. नारिंगीला मारतो निळा. पिवळ्याला मारतो जांभळा. रांगोळीच्या डब्यात चुकून लाल आणि हिरवी एकत्र झाली तर जो मातकट तपकिरी रंग होतो, तोच आपल्याला केसांत हवा असतो.

इथंच आपल्या मैत्रिणींचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. व्हिडिओ पाहून जांभळा शाम्पू मागवतात. तो सोनेरी केसांच्या बायकांसाठी आहे, त्यांचा पिवळेपणा घालवायला. आपल्या गडद ब्राऊन केसांतल्या लालाचं जांभळ्यानं काहीही होत नाही, उलट जांभळ्यात लाल असतोच. केस उन्हात नारिंगी, पितळी दिसत असतील तर निळा शाम्पू. सरळ लाल, डाळिंबी दिसत असतील तर हिरवा. आणि दोन्ही शाम्पू ही वरवरची नीळ आहे, दोन-चार धुण्यांत जाणारी. आठवड्यातून एकदा, बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांपुरती. जास्त वेळ ठेवून जास्त फायदा होत नाही, कोरडी टोकं तेवढी शेवाळल्यासारखी दिसतात.

लाल की नारिंगी हे बाथरूमच्या दिव्याखाली ठरवू नका. पिवळ्या दिव्यात सगळंच तांबूस दिसतं. सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, गॅलरीत, केस पूर्ण कोरडे असताना आणि तेल नसताना बघा. मागची बाजू दुसरीला बघायला सांगा.

टिकाऊ दुरुस्तीसाठी शेडचे आकडे वाचता यायला हवेत. पार्लरवालीला दोन प्रश्न विचारता आले तरी तिचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. शेडच्या आकड्यात बिंदूच्या (किंवा तिरक्या रेघेच्या) आधीचा आकडा गडदपणा सांगतो, नंतरचा छटा. ४ म्हणजे मध्यम ब्राऊन, ५ म्हणजे लाइट ब्राऊन. नंतरचा १ बहुतेक ठिकाणी ॲश, म्हणजे थंड, राखाडी छटा. ३ म्हणजे सोनेरी. पुढे मात्र एकवाक्यता नाही. एका मोठ्या कंपनीत ४ म्हणजे तांबूस, दुसरीत तोच ४ म्हणजे लाल. एकीत हिरवट छटेला ७ म्हणतात, तर दुसरीत ती २ वर असते आणि तिथला ७ साधा ब्राऊन असतो. म्हणून "मला सात नंबर लावा" असं मैत्रिणीचं ऐकून सांगायचं नाही. विचारायचं ते असं: "या ॲशचा पाया निळा आहे की हिरवा?" सगळे ॲश सारखे नसतात. लाल केसांवर निळ्या पायाचा ॲश लावला तर लाल पूर्ण मरत नाही, नुसता काळपट होतो. लालाला हिरव्या पायाचा लागतो, ज्याला काही जण मॅट म्हणतात. शेड कार्डच्या मागे किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात हे दिलेलं असतं. पार्लरवालीला उत्तर ठाऊक नसेल तर तिथून उठावं. संकोच करू नये, चहा पाजला असला तरी.

माझ्या धाकट्या नणंदेची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीनं. घरातल्या लग्नाला तिनं एका पार्लरमध्ये ब्राऊन करून घेतला, कंबरेपर्यंतच्या केसांवर. महिन्याभरात लाल. परत गेली, तर त्यांनी आणखी फिकट शेड लावली, "वरचा लाल निघून जाईल" म्हणून. आता रंगाच्या कामातला पहिला नियम असा आहे की रंग रंगाला उजळवत नाही. आधी रंगवलेल्या लांबीवर फिकट शेड लावली तर तिथं फारसं काही होत नाही. नुकत्या उगवलेल्या कोऱ्या मुळांशी मात्र ती जोरात काम करते, त्यात डोक्याच्या कातडीची ऊब मिळते. झालं असं की लांबी तशीच लाल राहिली आणि मुळं भगवी झाली. तिसऱ्या वेळी ब्लीच. चौथ्या वेळी त्यावर गडद रंग. साडेतीन महिन्यांत चार वेळा. आंघोळीनंतर टॉवेलमध्ये केस तुटून यायला लागले तेव्हा तिचा फोन आला, "वहिनी, आता काय करू?" मी म्हटलं, आता काहीच करू नकोस. सहा आठवडे काहीही नाही. ती गप्प झाली, कारण पुढच्या रविवारी सासरी बारसं होतं आणि तिथं कोण काय बोलेल हे तिला तोंडपाठ होतं.

तुटलेल्या केसांइतकंच मला त्या गप्प होण्याचं वाईट वाटलं. केसांचा रंग बिघडला तर बाई स्वतःला दोषी समजते. "कुणी सांगितलं होतं नसत्या उठाठेवी करायला" हे घरातल्या मोठ्यांनी म्हणण्याआधी ती स्वतःच स्वतःला म्हणून मोकळी होते. मग घाईघाईनं, कुणाला कळू न देता, पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसते. घाईनंच बिघाड वाढतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पहिला उपाय थांबण्याचा. दोन दुरुस्त्यांमध्ये निदान काही आठवडे जाऊ द्यावेत. तोवर ओढणी आहे, आंबाडा आहे, फुलं आहेत.

त्यानंतर एकदाच, नीट, आणि उजळवण्याच्या दिशेनं अजिबात नाही. आत्ता जितके गडद केस दिसतात त्याच पायरीची किंवा एक पायरी गडद अशी, थंड छटेची शेड. पर्मनंटपेक्षा डेमी-पर्मनंट, ज्याला पार्लरमध्ये टोनर किंवा ग्लॉस म्हणतात ती बरी. तिच्याबरोबरचं पेरॉक्साइड सौम्य असतं, ते रंग बसवण्यापुरतं काम करतं, खालचं काळं फारसं मोडत नाही. डेव्हलपरच्या बाटलीवर जे १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं त्याचा अर्थ अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइड. लाल मारायच्या कामाला कुणी ३० किंवा ४० ची बाटली उघडली तर तिचा हात धरा. त्यानं आणखी लाल उघडं पडणार आहे.

लांब केसांवाल्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. चोवीस इंचांच्या वेणीचं टोक चार वर्षांचं असतं. त्या टोकानं चार वर्षांतले सगळे रंग, सगळं ऊन, सगळे क्षार पाहिलेले असतात, ते जाळीसारखं झालेलं असतं आणि नवा रंग अधाशासारखा पितं. मुळांना पंधरा मिनिटांत जी शेड येते ती टोकांना पाच मिनिटांत येऊन पुढे काळपट हिरवी होते. म्हणून टोकांना शेवटी लावायचं. दर महिन्याला मुळं रंगवताना पूर्ण लांबीवर पुन्हा तोच पर्मनंट रंग ओढण्याची सवय तर सोडूनच द्या. तो कंगव्यानं खाली ओढला की लांबीवर प्रत्येक वेळी थोडं आणखी मोडतं, थोडं आणखी लाल.

पांढरे केस बरेच असतील तर नुसता ॲश लावू नये. पांढऱ्यावर तो धुरकट, कधी हिरवट दिसतो, कारण मारायला खाली लाल नाहीच. अर्धा साधा नंबर (४.०, ५.० असा) आणि अर्धा ॲश असं मिसळतात. आणि वेळेआधी धुऊ नये. पाहुणे आले, दूध उतू गेलं म्हणून वीस मिनिटांत डोकं धुतलं तर शेड पूर्ण बसत नाही आणि मग "या कंपनीचा रंग टिकत नाही" म्हणायचं!

आता मेंदी. आपल्या घरांत ही गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण निम्म्या जणींच्या केसांत डब्यातल्या रंगाखाली दहा-पंधरा वर्षांची मेंदी बसलेली असते आणि पार्लरमध्ये ती सांगितलीच जात नाही. "मेंदी म्हणजे काय, ती तर घरची," असं वाटतं. पण मेंदीतलं लॉसोन हे द्रव्य केसाच्या केराटिनला जाऊन घट्ट चिकटतं. ते शाम्पूनं जात नाही, तेलानं जात नाही. सोजतची असो नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातली, लाल-नारिंगी हाच तिचा स्वभाव. काळ्या केसांवर तो नुसता झळाळतो, पांढऱ्यांवर भगवा दिसतो.

मेंदीच्या लालावर सगळ्यात सरळ उतारा नीळच आहे, पण कपड्यांची नव्हे, झाडाची. बाजारात इंडिगो पावडर म्हणून हिरवट पूड मिळते. मेंदी आणि इंडिगो समसमान, म्हणजे खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम ही आणि १०० ग्रॅम ती, तर मध्यम ब्राऊन. इंडिगो दुप्पट केलं तर गडद आणि लाल आणखी कमी. मेंदी आधी काही तास भिजवायची, इंडिगो मात्र अगदी शेवटी, कोमट पाण्यात, आणि दहा-पंधरा मिनिटांत वापरायचं. त्यात लिंबू नको, दही नको. इंडिगोला आंबट मानवत नाही. आधीच मेंदीनं लाल झालेल्या केसांवर नुसतं इंडिगो लावलं तरी चालतं. थोडा वेळ ठेवलं तर ब्राऊन, जास्त ठेवलं तर जवळजवळ काळं. म्हणून कानामागची एक बट आधी करून पाहा आणि दोन दिवस थांबा. धुतल्या धुतल्या ती हिरवट दिसली तर घाबरू नका, हवा लागून रंग दोनेक दिवसांत खोल होतो.

आपल्या आज्या मेंदी लोखंडी कढईत भिजवत, त्यात आवळकाठीची पूड आणि उकळलेल्या चहाचं पाणी घालत. तो उगाचचा प्रकार नव्हता. आवळ्यातला आणि चहातला तुरटपणा लोखंडाशी मिळून काळपट होतो. हिरडा आणि हिराकस वापरून कापड काळं करण्याची जुनी रीत याच तत्त्वावर चालायची. त्या कढईतल्या मेंदीचा लाल दबलेला दिसतो तो त्यामुळे. ज्यांना डब्याचा रंग नकोच आहे त्यांनी हेच करावं असं मी म्हणेन. मात्र अशी मेंदी लावणारीनं पेरॉक्साइडच्या रंगाकडे परत जाऊ नये, निदान न सांगता तरी नाही. बाजारातल्या काही "हर्बल" काळ्या पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस गरम होतात, कधी तुटतात. आणि इंडिगोवर ब्लीच केलं तर खरोखरचा हिरवा रंग निघू शकतो. गळालेल्या किंवा कापलेल्या केसांची छोटी बट पार्लरवालीला द्या, तिच्यावर आधी प्रयोग करू दे. न करणारं पार्लर आपलं नव्हे.

"काळी मेंदी" नावाची जी पुडी वीस मिनिटांत काळं करते तिच्यात मेंदी नावापुरती असते. एवढ्या पटकन काळं करणारं द्रव्य बहुधा पीपीडी, म्हणजे तेच, जे डब्यातल्या डायमध्ये असतं. याची ॲलर्जी कुणालाही होऊ शकते, वर्षानुवर्षं वापरूनही अचानक होऊ शकते. डोळे सुजून बंद झालेली बाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे ४८ तास आधी थोडं लावून बघणं हे डब्यावर लिहिलेलं असतं आणि कुणीच करत नाही.

इंटरनेटवरचे घरगुती उपाय वाचायला घेतले तर पहिल्या ओळीत अंडं, दुसऱ्या ओळीत मध, तिसऱ्या ओळीत कांद्याचा रस. आपण तिथंच बाद! पण या कामापुरतं बोलायचं तर आपलं काही बिघडत नाही. अंड्यानं लाल जात नाही. मधातून थोडं पेरॉक्साइडच तयार होतं, म्हणजे तो उलट उजळवतो. लिंबू लावून उन्हात बसणंही तसंच, लाल वाढवणारं. आपल्याला अडचण येते ती पार्लरमध्ये रंगानंतर लावल्या जाणाऱ्या पाकिटांची. केराटिन बहुतेकदा लोकर, पिसं, शिंगं-खुरं यांतून काढतात, आणि "सिल्क प्रोटीन" म्हणजे रेशीमच. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पाकीट हातात घेऊन मागची बाजू वाचावी आणि सरळ नको म्हणावं. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करणं आपल्या देशात २०१४ पासून बंद आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण डब्यात काय आहे हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

काही वडीलधाऱ्या म्हणतात, साध्वीजी केशलोच करतात आणि तुम्ही शेडचे आकडे पाठ करता. त्यांना मी उलट उत्तर देत नाही. पण बँकेच्या काउंटरवर किंवा शाळेत वर्गासमोर रोज उभ्या राहणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईला पांढऱ्या-भगव्या पट्ट्यांचं डोकं घेऊन वावरणं सोपं नसतं. तिला चार पैशांत नीट, कमी इजा होणारा उपाय सांगणं मला अधर्म वाटत नाही. ज्यांना रंग सोडायचा आहे त्यांनी खुशाल सोडावा, मला तर पांढरी वेणी फार शोभिवंत वाटते. आणि ज्यांना तो लालसरपणा आवडतो, आपल्या मुलींना आवडतो बऱ्याचदा, त्यांनी तो मुळीच घालवू नये. सावळ्या, गव्हाळ चेहऱ्याला तांबूस छटा खुलूनही दिसते. लाल हा दोष नाही. मागितलेलं एक आणि मिळालेलं दुसरं, त्यावर पैसे तिसऱ्यांदा, ही तक्रार आहे.

ज्यांना ब्राऊनच हवा आणि लाल नकोच, त्यांच्यासाठी माझा कौल असा: ४ च्या वर जाऊ नका. आपल्या केसांवर ४, थंड छटेचा, शोभतो आणि उतरला तरी फार ओरडत नाही. ५ आणि ६ मागाल तर दर सहा-आठ आठवड्यांनी टोनरचा खर्च हा दुधाच्या बिलासारखा धरून चाला. पार्लरवालीनं ही दोन वाक्यं आधी सांगितली तर तिच्याकडे जन्मभर जावं.

शेवटी पाण्याचं. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि लोह केसांवर बसतात आणि रंग पितळी, लालसर दिसू लागतो. बादलीच्या तळाशी तांबडा थर धरत असेल तर तुमच्या केसांवरही तो धरतोय. सोसायटीत नळाचं आणि बोअरचं असं दोन्ही येत असेल तर डोक्यावरून नळाचं घ्या. तेही नसेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे, गाळलेले. पाणी कोमटाच्या पुढे नको. बंबातलं कढत पाणी कलर केलेल्या डोक्यावर घेणं म्हणजे रंग मोरीत सोडणं. आणि इंडिगो लावलं असेल तर दोन दिवस शाम्पू नाही, त्यामुळे आठम-चौदसला डोक्यावरून नाहायचं असेल तर तिथी पाहूनच कालवायला घ्या.